परक्याची पाटी

आमचे धाकटे चिरंजीव संगणकाच्या व्यवसायांत आहेत. १९९१ सालीं फिनलंडांत लिनस टोर्व्हाल्ड्स ह्यांनीं आरंभिलेल्या लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, ते गेल्या सुटींत बांधीत बसले होते. सहज पडद्याकडे पाहिलें, तों कंपायलरास दिलेल्या सूचनांत 'नो-एसएसई', 'नो-एव्हीएक्स' असे निषेधच निषेध! एका आज्ञेसरशीं अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या ह्या व्हेक्टर-आज्ञा. वेगवान यंत्र विकत घ्यावें आणि त्याच्याच वेगास बंदी घालावी, हें कसलें शहाणपण?

"नाना, त्या पाट्या परक्यांच्या आहेत," चिरंजीव म्हणाले.

त्यांनीं समजाविलें तें असें. प्रोसेसरांत रजिस्टर नांवाच्या चिमुकल्या पाट्या असतात. इंटेल पद्धतीच्या ६४ बिटी यंत्रांत साध्या पाट्या १६, मिळून १२८ बाइट मावणाऱ्या. परंतु एव्हीएक्स-५१२ च्या ३२ पाट्यांवर २०४८ बाइट मावतात, म्हणजे सोळापट. आपल्या प्रोग्रॅमाचें गणित तेथें चाललें असतां कोणी कळ दाबतो, जाळ्यावरून निरोप येतो, आणि दर वेळीं कर्नेलास मध्यें यावें लागतें. साध्या पाट्यांवरील मजकूर तें आधीं उतरवून ठेवतें. मोठ्या पाट्यांचाही दर वेळीं उतरवावयाचा तर फार वेळ खर्ची पडेल. म्हणून त्यांस हात लावावयाचा नाहीं, असा नेम.

मात्र कोणती पाटी घ्यावी हें सी भाषेंत लिहिणारा ठरवीत नाहीं, कंपायलर ठरवितो. कर्नेल सामान्यतः 'ओ-२' ह्या पायरीवर बांधतात; २०२२ च्या जीसीसी १२ पासून त्या पायरीवरही कंपायलर आपण होऊन व्हेक्टर-आज्ञा योजूं लागला. निषेध नसेल तर यंत्र थांबेलच असें नाहीं. कोणाचें तरी उत्तर मुकाट्यानें चुकेल.

गुप्तलेखनासारख्या कामीं लाभ मोठा असतो. तेथें कर्नेल 'एफपीयू-बिगिन' म्हणून धन्याचा मजकूर आधीं जतन करवितें, काम उरकतें आणि 'एफपीयू-एंड' म्हणतें. मध्यंतरीं डुलकी घेण्याची मुभा नाहीं.

हें ऐकतां ऐकतां मला माझा वर्ग आठवला. एकदां मीं एका मुलाची पाटी उचलून तिच्या कोपऱ्यांत दुसऱ्यास उदाहरण समजाविलें व ती परत ठेविली. पोराचे कांहीं आंकडे पुसले गेले होते. उरलेल्यांची त्यानें बेरीज केली, ती चुकली, आणि छडी मीं त्यालाच मारली. तो कांहीं बोलला नाहीं. चूक माझी, हें घरीं येतांना उमगलें. दुसऱ्या दिवशीं त्यास सांगावयाचें राहिलें, तें राहिलेंच.

धन्याच्या संमतीवांचून ठेव वापरणारास याज्ञवल्क्यस्मृतींत दंड सांगितला आहे, शिवाय ठेव व्याजासह परत करावी लागते. घरांत वडीलकीच्या हक्कानें आपण धाकट्यांच्या किती पाट्या उचलतों! उचलण्यापूर्वीं विचारावें, आणि पुसली गेलीच, तर निदान छडी तरी उगारूं नये.