डोक्यावरून जाऊ दे!

कन्फेशन आधीच करून टाकते. माझ्या डेस्कखाली वायरींचं जंगल आहे. लॅपटॉपचा चार्जर, मोबाइलचा चार्जर, वाय-फायचा डबा, टेबल लॅम्प आणि एक काळी वायर. ही कशाची, ते मला आजतागायत कळलेलं नाही. काढायची हिंमत होत नाही. काढली आणि फ्रीज बंद पडला तर? तुमच्याकडेही असणार अशी एक. खोटं बोलू नका.

या जंगलावर उपाय म्हणून मी नवीन टेबल करून घ्यायचं ठरवलं. (लॉजिक विचारू नका.) ऑनलाइन किमती बघून डोळे पांढरे झाले, तेव्हा आई म्हणाली, ‘‘अगं, मामा कशाला आहे?’’

मामा सुतार. त्याचं पत्र्याचं शेड वारंगा फाट्याला. हिंगोली जिल्हा, कळमनुरी तालुका. नांदेड-हिंगोली रस्त्यावर जिथून हदगाव, यवतमाळ, नागपूरकडे जाणारा रस्ता फुटतो, तोच हा फाटा. पुण्याहून रात्रभर प्रवास करून नांदेड गाठलं, एसटी पकडली आणि फाट्यावर उतरून गरम खिचडी हाणली. वीकेंडची सुरुवात एकदम सॉल्लिड.

शेडमध्ये मात्र मी पाय उचलून उचलून शिरले. कटर, ड्रिल, सँडर, प्लेनर अशी इतकी मशिनं म्हटल्यावर जमिनीवर वायरींची वारुळं असणारच ना? पण खाली होता फक्त भुसा.

‘‘खाली काय शोधायलीस माय? वर पाह्य,’’ मामा म्हणाला.

वर पाहिलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची जाड दोरी ताणलेली. तिच्यावर पडद्याच्या कड्या आणि प्रत्येक कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं अडकवलेली वायर. मशीन जिकडे न्याल तिकडे कड्या सरकत जातात, वायर डोक्यावरून येते, काम झालं की ट्यूब तिला वर खेचून घेते. मोठमोठ्या वर्कशॉपमध्ये यासाठी छताला स्प्रिंगची रीळं लावतात. मामाचा खर्च एक दोरी, डझनभर कड्या आणि पंक्चरवाल्याकडच्या फुकट ट्यूबा. आधी त्यानं लोखंडी तार लावली होती, पण वायरमननं ती काढायला लावली. वायर घासून सोलली तर अख्ख्या तारेत करंट उतरेल, म्हणून.

हे सगळं हौसेनं झालेलं नाही. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मामा कटरनं प्लाय कापत होता. हाताखालचा पोरगा फळी घेऊन मागून आला, त्याचा पाय जमिनीवरच्या वायरीत अडकला, हिसका बसला आणि चालू कटर मामाच्या हातातून सुटला. पातं डाव्या अंगठ्याला चाटून गेलं. सहा टाके पडले. दुसऱ्या दिवशी त्या पोराची आई आली आणि त्याला घेऊन गेली. भांडली नाही, एक शब्द बोलली नाही.

‘‘अंगठ्याचं काही नाही वाटलं,’’ मामा म्हणाला. ‘‘पण ती माउली गप गेली ना, ते लागलं.’’

माझे आजोबा याच गावात तिफणी आणि वखर करायचे. वाकस, करवत, रंधा, पटाशी... त्यांचं अख्खं दुकान एका पोत्यात मावायचं आणि एकाही हत्याराला शेपूट नव्हतं. मामाच्या प्रत्येक हत्याराला दोन मीटरचं शेपूट आहे. धार कशी लावायची हे आजोबांनी त्याला शिकवलं, पण शेपूट कसं सांभाळायचं हे शिकवणारं घरात कुणी नव्हतं. ते त्याला सहा टाक्यांनी शिकवलं.

राउटर मशीनसाठी साठवलेले पैसे मामानं काढले आणि आधी वायरिंग बदललं. नवं अर्थिंग केलं आणि आरसीसीबी बसवला. म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच. माणसाच्या बचावासाठी लावतात तो ३० मिलीअँपियरचा. एवढासा करंट अंगातून गेला तरी जीव धोक्यात येऊ शकतो. आणि १४०० वॉटचा कटर २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपियर ओढतो, म्हणजे त्याच्या दोनशे पट. मी मान डोलावली, पण पोटात गोळा आला होता.

‘‘मग कॉर्डलेस घे ना मामा, झंझटच नको!’’ मी माझं शहरी ज्ञान पाजळलं. ड्रिल त्यानं घेतलंयही बॅटरीवरचं. पण कटर आणि सँडर दिवसभर चालवायचे तर दोन-तीन जास्तीच्या बॅटऱ्या लागतात आणि त्यांच्या किमतीत दुसरं मशीन येतं. त्यामुळे वायर आहे आणि राहणार आहे.

चहा पिता पिता मी त्याचे फंडे लिहून घेतले. सुतारकाम करत नसाल तरी वाचा.

वायर मागे, पातं पुढे: कटर चालवताना वायर खांद्यावरून मागे टाकायची. पुढे आली तर आपणच आपली वायर कापतो.

गुंडाळी उघडा: एक्स्टेंशनची पूर्ण वायर सोडल्याशिवाय जड मशीन लावायचं नाही. ०.७५ चौरस मिमीच्या २० मीटर वायरमधून ६ अँपियर गेले तर वायरीतच जुन्या ४० वॉटच्या बल्बाएवढी उष्णता तयार होते. गुंडाळीत ती कोंडते आणि इन्सुलेशन वितळतं. २.५ चौरस मिमीची वायर घेतली तर ही उष्णता तिसऱ्या हिश्श्यावर येते.

काडी नको, प्लग हवा: सोललेली वायर सॉकेटमध्ये आगपेटीच्या काडीनं ठोसायची आपली राष्ट्रीय सवय आजपासून बंद.

मशिनाभोवती आवळू नका: वायर मशिनाला घट्ट गुंडाळली की मुळाशीच तुटते, आतल्या आत. सैल वेटोळं करून वेगळं टांगायचं.

आधी प्लग, मग पातं: पातं बदलायचं तर नुसतं बटण बंद करून चालत नाही. प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा.

आणि तो पोरगा? सहा महिन्यांनी त्याची आई पुन्हा आली. शेडमध्ये उभी राहून तिनं वर बघितलं, खाली बघितलं. ‘‘उद्यापासून येईल,’’ एवढंच म्हणाली. आज तो एकोणीस वर्षांचा आहे. माझ्या टेबलाचे कोपरे त्यानंच सँडरनं गोल करून दिले, वायर खांद्यावर टाकून. राउटर मशीन अजून आलेलं नाही. ‘‘येईल की, घाई काय हाय?’’ मामा म्हणतो.

पुण्यात आल्यावर टेबल लावायच्या आधी मी जुन्या डेस्कखाली शिरले, टॉर्च घेऊन. काळ्या वायरचा शोध लावला. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं! दोन वर्षं मी एका रिकाम्या वायरीला घाबरून होते.

तिच्या शेजारी मात्र एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड खोचलेला होता आणि त्या दुसऱ्या बोर्डावर मी रोज सकाळी इस्त्री लावत होते. प्लगची कड तपकिरी झाली होती. हात लावला तर प्लास्टिकचा तुकडाच बोटात आला.

तो बोर्ड मी केराच्या डब्यात टाकला. इस्त्री आता थेट भिंतीवरच्या १६ अँपियरच्या सॉकेटला. मामाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘टेबलाखाली चार हूक मारून दिलेत. दिसले का नाही?’’

वाकून बघितलं. होते.