चोर सोडून संन्याशाला सुळी

अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्यासाठी निर्यातीचे कायदे कडक झालेच पाहिजेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या कायद्यांचा बडगा आजवर कोणाच्या पाठीत बसला, हा.

१८ मे १९७४ रोजी भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली आणि त्याचा धसका घेऊन बड्या राष्ट्रांनी अणुपुरवठादार गट स्थापन केला. अमेरिकेने १९७८ साली स्वतःचा नवा कायदा पुढे करून तारापूरला इंधन पुरवण्याचे १९६३ च्या करारातील वचन मोडले. ज्या देशाने अण्वस्त्राचे तंत्र कोणालाही विकले नाही, त्याच्या विजेवर ही गदा आली!

त्याच काळात खरा चोर कुठे होता? हॉलंडमध्ये युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांच्या कामावर असलेला अब्दुल कादिर खान १९७५ च्या अखेरीस तेथील गुपिते घेऊन पाकिस्तानात परतला. १९८३ साली डच न्यायालयाने त्याच्या अनुपस्थितीत त्याला चार वर्षांची शिक्षा ठोठावली. समन्स नीट बजावले नाही, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर ती १९८५ साली रद्द झाली. पुढे त्याने इराण, लिबिया आणि उत्तर कोरियाला हेच तंत्र विकले. जुलै २००० मध्ये तर पाकिस्तानच्या व्यापार मंत्रालयाने अणुसामग्रीच्या निर्यातीची जाहिरातच वृत्तपत्रात दिली!

ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बीबीसी चायना’ हे जहाज इटलीत अडवले गेले, तेव्हा लिबियाकडे निघालेले सेंट्रिफ्यूजचे हजारो भाग सापडले. ते मलेशियात घडवले गेले होते आणि दुबईमार्गे चालले होते. ४ फेब्रुवारी २००४ रोजी खानने दूरचित्रवाणीवर कबुली दिली. दुसऱ्याच दिवशी मुशर्रफ यांनी त्याला माफ केले. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना त्याची चौकशीही करू दिली नाही. २०२१ साली तो मरण पावला, तेव्हा शासकीय इतमामात दफनविधी झाला.

एप्रिल २००४ मध्ये सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव करून प्रत्येक राष्ट्राला निर्यात नियंत्रणाचे कायदे करण्यास बांधून घेतले. ठरावाचा रोख मात्र सरकारबाह्य घटकांवर आहे. खान तर सरकारी प्रयोगशाळेचा प्रमुख होता! जिथे पहारेकरीच दुकान मांडून बसतो, तिथे असा ठराव काय करणार?

भारताने २००५ साली आपला कायदा केला. मालाची केवळ वाहतूक करणारा आणि व्यवहार जुळवणारा दलालही त्याच्या कक्षेत आला. २०२२ च्या दुरुस्तीने अर्थपुरवठाही गुन्हा ठरला. तरीही २०१६ साली सोल येथे अणुपुरवठादार गटाचे दार चीनने भारतासाठी बंद ठेवले. तोच चीन पाकिस्तानला चश्म्याच्या अणुभट्ट्या देत होता.

म्हणून कायदा कडक करायचा, तर तो विकणाऱ्या सरकारलाही लागू करावा. दोषींना माफी देणाऱ्या देशाचा अणुपुरवठा थांबवावा. गटाचे सदस्यत्व करारावरील सहीवर नव्हे, आचरणावर ठरावे. आणि भारतानेही गाफील राहू नये. आपले भाग तेल उद्योगासाठी आहेत असे वाटले, असा बचाव मलेशियातील कारखान्याने केला होता. पुण्या-ठाण्याच्या कारखानदारावर तशी सबब सांगण्याची वेळ येऊ नये, हे पाहणे सीमाशुल्क खात्याचे आणि उद्योजकांचेही राष्ट्रीय कर्तव्य आहे. स्वतःचे घर असे चोख असेल, तरच जगाला जाब विचारण्याचा अधिकार अबाधित राहील.