बैलाला वीकेंड नसतो

'पगाराच्या दहा टक्के छंदावर खर्च करा' असा सल्ला देणाऱ्याने कधी बैल पाळलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

मी काल्हेरचा. ठाण्याहून भिवंडीकडे येताना कशेळीची खाडी ओलांडली की आमचं गाव. जिथे भातशेती होती तिथे आज गोदामं आहेत. तुमचे ऑनलाइन मागवलेले हेडफोन कदाचित आमच्याच कुणाच्या तरी खाचरातून निघाले असतील. माझ्या ऑफिसात दीड लाखाची लेन्स हप्त्यावर घेणाऱ्याला 'पॅशनेट' म्हणतात. माझा चुलतभाऊ शर्यतीचा बैल पाळतो, तर तो 'गुंठामंत्री'. एकाचा छंद, दुसऱ्याचा नाद. ही भाषेची चलाखी मला मान्य नाही.

पण भावाच्या बाजूने गावात जे उत्तर ऐकू येतं, तेही मान्य नाही. 'परंपरा आहे!' अरे, कसली परंपरा? आजोबांचा बैल वर्षभर राबायचा. नांगर ओढायचा, चिखलणी करायचा, भाताचे भारे आणायचा. पेंढा घरच्याच शेतातला. छकड्याला जुंपून पळवणं ही त्याची वरकड हौस होती, म्हणून परवडायची. आता शेत गेलं, पेंढा विकत आला, दूध-अंडी-पेंडीचा खुराक वर आला, सांभाळायला माणूस पगारी आला. बैलाचं कमावणं संपलं, खाणं तेवढं उरलं. आजोबांचं नाव सांगून हा खर्च खपवू नका. आजोबा हिशेबाचे पक्के होते.

हौसेची खरी किंमत मजा नसलेल्या दिवशी कळते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तोही मुंबई उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. (बैलांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न मोठा आहे, न्यायालयातलं भांडण त्याचंच होतं, इथे मी फक्त खिशाबद्दल बोलतोय.) म्हणजे साडेसात वर्षं मैदान बंद. गोठ्यातल्या बैलाला मात्र कोर्टाची तारीख कळत नव्हती. त्याला सकाळ-संध्याकाळ खायला लागायचंच. ज्यांनी भाड्याच्या पैशातून खुराक चालवला त्यांचे बैल टिकले. बाकीच्यांनी विकले.

आपल्या गिटारीचं तसं नसतं. कंटाळा आला की ती कपाटावर जाते, गुपचूप. म्हणून आपल्याला वाटतं आपण शहाणे. आपण शहाणे नाही, आपली हौस मुकी आहे, एवढंच. तिचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.

तेव्हा टक्केवारी सोडा. लेन्स असो की बैल, दोनच गोष्टी विचारा. मैदान सात वर्षं बंद पडलं तरी हा खर्च महिन्याच्या कमाईतून निघेल का? आणि त्यासाठी जे मोडणार आहात, ते एकट्याचं आहे का? दुसऱ्या प्रश्नावर आमच्याकडे घरं फुटतात, कारण मैदानात बिनजोड उतरणाऱ्याचा सातबारा बहुतेकदा सामाईक असतो.

आमचाही आहे. गोदामांच्या मागे पाच गुंठे उरलेत. भावाला ते विकून दुसरा बैल घ्यायचा आहे, जोडी घरची हवी म्हणून. विक्रीला माझी सही लागते, माझ्या दोन आत्यांचीही लागते. त्यांना अजून कुणी विचारलेलंसुद्धा नाही. मी त्याला सांगितलं, आहे त्या बैलाच्या खुराकाचा निम्मा खर्च दर महिन्याला माझ्याकडून घे, आज, उद्या, शर्यती पुन्हा बंद पडल्या तरी. सही मिळणार नाही.

गेले तीन आठवडे तो माझ्याशी बोलत नाही. खुराकाचे पैसे मी काकीकडे देतो.