समोच्च रेषांतले मोहने

समोच्च रेषा आपण प्रात्यक्षिकाच्या वहीत गिरवतो. पण त्यांतला डोंगर किती जणांना दिसतो? १:५०,००० च्या नकाशात लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. मलंगगडाला तो पुरतो, उल्हासकाठच्या सपाट मोहन्याला नाही. आणि २६ जुलै २००५ ला कल्याण परिसरात पुराचे पाणी शिरले, तेव्हा प्रश्न दोन-चार मीटरांचाच होता. त्याच वर्षी आलेल्या ‘गूगल अर्थ’वर जमीन तिरपी करून, फिरवून पाहता येते. भूगोलाच्या वर्गात ते का नसावे? मुले पेन्सिल विसरतील, ही भीती अगदीच खोटी नाही. संगणकावरची उंचीही काही मीटर चुकते. तेव्हा छेद आधी हाताने काढावा, मग तिथे पडताळावा. नदीकाठची पायपीट मात्र चुकवू नये. याला एक संगणक पुरे, वर्गभर लागत नाहीत.