पांढरीचं शहाणपण

चिखलीत इंद्रायणीच्या काठावर एक जुनी बाभूळ आहे. हात उंचावला तरी पोचणार नाही अशा तिच्या फांदीत प्लास्टिकच्या फाटक्या पिशव्या, एका साडीचा काठ आणि वाळलेल्या जलपर्णीचे पुंजके अडकून बसलेत. कुठल्या तरी पावसाळ्यात पाण्यानं ते तिथं नेऊन ठेवले आणि पाणी ओसरलं. मागच्या रविवारी माझ्यासोबत आलेले एक वयस्कर शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्या पिशव्यांकडे काठी रोखून म्हणाले, "पूररेषा बघायला हापिसात कशाला जाता? ही बघा की." मग त्याच काठीनं जमिनीवर रेघ ओढली. "हितनं खाली आमच्या बापजाद्यांनी गोठासुदिक बांधला न्हाई. वांगी, गवार, भोपळा लावायचा. पाणी आलं तर पीक जायाचं. घर न्हाई जायाचं."

त्या बाभळीपासून जवळच ती जागा आहे, जिच्याबद्दल वर्षभर या शहरात बोललं गेलं. १७ मे २०२५ रोजी, शनिवारी, पिंपरी-चिंचवड महापालिकेनं चिखलीतले ३६ बंगले जमीनदोस्त केले. 'रिव्हर व्हिला' नावाच्या प्रकल्पातले हे बंगले इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते. १ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ते पाडण्याचा आणि पाच कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला होता. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथंही दिलासा मिळाला नाही. मग पोकलेन आले.

कायद्याच्या नजरेनं निकाल बरोबरच होता, आणि नदीच्या नजरेनंही. तरीही तो दिवस मला या शहराच्या पराभवाचा वाटतो. घर पाडायची वेळ येते, याचा अर्थ पायाचा पहिला खड्डा खणला जात होता तेव्हा सगळे गप्प होते. जोतं आलं, भिंती आल्या, स्लॅब पडला, वास्तुशांत झाली. एवढ्या काळात थांबवण्याची संधी किती वेळा येऊन गेली असेल! नदीकाठच्या बांधकामाचा फैसला ते उभं राहण्याआधी व्हायला हवा. तो फैसला ज्या टेबलावर होतो, त्या नगररचनेच्या टेबलाबद्दल मला आज लिहायचं आहे.

आधी रेषेचा अर्थ. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात अटींसह परवानगी मिळू शकते, आणि त्यात जोत्याची उंची ही महत्त्वाची अट असते. 'पंचवीस वर्षांतून एकदा' हे शब्द मात्र माणसाला फसवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, मागच्या वर्षी पूर येऊन गेला, आता चोवीस वर्षं निवांत. खरा हिशेब असा आहे, की दरवर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात चार असते, मागच्या वर्षी येऊन गेला असला तरीही. वीस वर्षांचं गृहकर्ज घेणाऱ्याच्या वाट्याला हप्ते संपायच्या आत असा एक तरी पूर येण्याची शक्यता छप्पन्न टक्के होते. म्हणजे न येण्यापेक्षा येण्याचीच जास्त. घर घेताना हा हिशेब बँकेनं मांडला नाही, विकणाऱ्यानं मांडला नाही, आणि नकाशा ज्यांच्या ताब्यात होता त्यांनीही मांडला नाही.

काही वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ याच पट्ट्यात जागा बघत होता. मी त्याच्याबरोबर होतो. अकरा गुंठ्यांचं सामाईक खरेदीखत, त्यात सात-आठ जण, प्रत्येकाच्या वाट्याला दीड गुंठा. एजंट बोलायला गोड. मी झोन दाखल्याचं विचारलं तर त्यानं शेजारच्या घराच्या भिंतीकडे बोट केलं : "मीटर बघा. घरपट्टीची पावती दाखवू का? सगळं बेकायदेशीर असतं तर लाईट दिली असती का?" माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. घरी येऊन आम्ही झोन दाखला आणि भाग नकाशा मिळवायच्या मागे लागलो. तीन खेपा घातल्या. नकाशा मिळाला तेव्हा त्यावरची निळी रेषा त्या सर्व्हे नंबरच्या बरोबर मधून गेलेली होती. नकाशावर तिची जाडी पेन्सिलीच्या टोकाएवढी, जमिनीवर ती जाडी काही फुटांची. दीड गुंठा रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे कुणीच खात्रीनं सांगेना. आम्ही सोडून दिलं. भावाला तीन खेपा घालायला सुट्टी मिळत होती, म्हणून तो वाचला. तळवडे-चाकणच्या कंपनीत पाळीवर काम करणाऱ्या, गावाकडची जमीन विकून इथं छप्पर शोधणाऱ्या माणसाला ती सुट्टी कुठून मिळणार?

त्या एजंटाचं वाक्य मी विसरू शकलो नाही, कारण त्यात या शहराचा इतिहास आहे. चिखली १९९७ साली महापालिकेत आली. तोवर कारखानदारी वाढली होती, माणसं येत होती, आणि परवडणारं घर आराखड्यातून मिळत नव्हतं, गुंठेवारीतून मिळत होतं. आधी बांधायचं, मग अनधिकृत बांधकामाची शास्ती लागायची, मग मोर्चे निघायचे, मग माफीची घोषणा व्हायची. २०२३ मध्ये इथला शास्तीकर माफ झाला आणि हजारो कष्टकरी कुटुंबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ती माफी गरजेचीच होती. पण तिच्यातून एक चुकीचा धडाही लोकांनी घेतला : आज ना उद्या सगळंच नियमित होतं. रस्त्यापासूनचं अंतर, मजल्यांची संख्या, कागदाची त्रुटी या गोष्टींत सरकार तडजोड करू शकतं. पाणी तडजोड करत नाही. निळ्या रेषेच्या आतलं घर नियमित करण्याची ताकद कुठल्याही शासन निर्णयात नाही, कारण त्या निर्णयावर नदीची सही नसते.

आता टेबलाकडे येऊ. चिखलीतले बंगले पडले त्याच्या तीनच दिवस आधी, १४ मे २०२५ रोजी, महापालिकेनं शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे अशा आराखड्यावर हरकती-सूचनांसाठी साठ दिवस मिळतात. मग नियोजन समिती बसते. स्थायी समितीतले तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार अशी तिची कायद्यातली रचना. ती हरकती ऐकते, अहवाल देते, आणि अखेरची मंजुरी राज्य सरकारची. या आराखड्यावर हजारो हरकती आल्या. माझ्या शेतावर आरक्षण का, माझ्या घरावरून रस्ता का, शेजाऱ्याला वगळलं तर मला का नाही. प्रत्येक हरकतीमागे एक कुटुंब आहे आणि त्यांची तळमळ खरी आहे. पण सुनावणीच्या रांगेत जमिनीचा मालक येतो, विकासकाचा वास्तुविशारद येतो, वकील येतो. नदीच्या बाजूनं फाइल घेऊन उभं राहणारं माणूस क्वचितच दिसतं.

आणि नदीचा काठ विकला जातोच. पिंपरी-चिंचवडपासून आळंदीपर्यंत नदीकडेच्या लॉन्स, फार्महाऊस, हॉटेलं बघत जा. हरित पट्ट्याच्या नियमात शेतीला, बागेला, पायवाटेला, खेळ-करमणुकीच्या काही सोयींना जागा ठेवलेली आहे, आणि ती ठेवायलाच हवी. पण आधी हिरवळ येते, मग तिच्यावर पत्र्याची शेड, मग शेडखाली किचन, मग किचनवर खोल्या, आणि पार्किंगसाठी मुरूम टाकून काठ चार फूट उंच केला जातो. चार फूट उंच झालेला काठ पाणी अडवत नाही, ते समोरच्या काठावरच्या माणसाच्या घरात ढकलतो. नदीच्या एका तीरावरची परवानगी ही दुसऱ्या तीराच्या विरोधातली परवानगी असू शकते, ही गोष्ट सुनावणीत कुणी मांडतच नाही, कारण दुसऱ्या तीरावरच्या माणसाला नोटीसच जात नाही.

नदीकाठच्या हॉटेलाचं काय होतं याचा धडा देशाला तीस वर्षांपूर्वी मिळालेला आहे. कुलू-मनालीच्या खोऱ्यात बियास नदीच्या अगदी काठावर एक मोटेल उभं राहिलं. नदीनं पात्र बदललं आणि पाणी मोटेलवर येऊ लागलं, तेव्हा यंत्रं लावून नदीचा प्रवाहच वळवायचं काम सुरू झालं. १३ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो जमिनीचा पट्टा रद्द केला आणि आपल्या कायद्यात एक मोठं तत्त्व रुजवलं : नदी, किनारा, जंगल, हवा यांचं सरकार मालक नसतं, विश्वस्त असतं. विश्वस्ताला ठेव विकता येत नाही. केरळमध्ये वेंबनाड तलावातल्या बेटावर ५४ व्हिलांचं आलिशान रिसॉर्ट बांधून तयार झालं होतं. किनारा नियमांचा भंग झाला म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ते पाडण्यावर शिक्कामोर्तब केलं आणि २०२२ मध्ये पाडकाम सुरू झालं. गुंतवणूक मोठी होती म्हणून किनाऱ्याचा नियम बदलला नाही.

उद्या चिखली-मोशीच्या काठावर एखाद्या मोठ्या हॉटेलचा प्रस्ताव आला, तर त्या टेबलावर बसणाऱ्यांनी रोजगार आणि महसूल यांच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात. निळी रेषा जागेवर मोजून कुणी दाखवली? भरावामुळे समोरच्या तीरावर पाणी किती चढेल? सांडपाणी कुठं जाईल? कारण आळंदीला जो फेस तरंगतो, तो वरून, आपल्याच बाजूनं जातो. आणि चौथी गोष्ट, पूर आला त्या रात्री तिथल्या माणसांना कोण, कुठल्या रस्त्यानं बाहेर काढेल? या चारांची लेखी उत्तरं नसतील तर फाइल परत जावी. नदीकाठी हॉटेल असूच नये असं मी म्हणत नाही. ते रेषेच्या वर असावं आणि तिथल्या खिडकीतून नदी दिसावी, एवढंच म्हणतो.

आबांची बाजू मांडल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. त्यांची बरीचशी जमीन रेषेच्या खाली आहे. ते म्हणाले, "वरच्या शेजाऱ्याचा गुंठा लाखांत जातोय. माझ्या जमिनीला कुणी इचारीना. नदी सगळ्या शहराची, आन् राखायची एकट्या म्या?" या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे. शहराला काठ मोकळा हवा असेल तर शहरानं त्याची किंमत मोजावी. जमीन रोख मोबदल्यात घ्यावी, किंवा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, वेळेत आणि खेपा घालायला न लावता द्यावा, किंवा शेती चालू ठेवणाऱ्याला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी. रेषा आखायची आणि शेतकऱ्याला त्याच्या नशिबावर सोडायचं, हे आपण करत राहिलो तर आबा नाही तरी त्यांचा नातू एक दिवस गुंठे पाडेल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

आपल्या गावांना नगररचना शिकवावी लागली नव्हती. पांढरी आणि काळी हे दोन शब्द होते. पांढरीत घरं, काळीत पीक, आणि थडीला भाजीपाला, गुरांचं पाणी, घाट. कुणाच्या लहरीवर ही वाटणी बदलत नसे, कारण चूक झाली तर ती करणाऱ्याच्याच घरात पाणी शिरे. आज चूक करणारा विकून निघून जातो आणि पाणी दुसऱ्याच्या घरात शिरतं. म्हणून आज ही वाटणी गावाच्या स्मरणावर सोडून चालणार नाही. ती डोळ्यांना दिसली पाहिजे.

माझी मागणी छोटी आहे आणि तिला फार पैसे लागत नाहीत. तळवड्यापासून चिखली, मोशी, डुडुळगाव, चऱ्होलीपर्यंत इंद्रायणीच्या निळ्या रेषेवर जागोजाग दगड रोवा, निळा रंग दिलेले, मोजणीच्या खुणेसारखे पक्के. ज्या सर्व्हे नंबरातून रेषा जाते, त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत तशी नोंद करा, म्हणजे खरेदीखताच्या आधीच ती वाचली जाईल. दगडाच्या खालच्या बाजूला वीजमीटर देण्यापूर्वी आणि कराची आकारणी करण्यापूर्वी नगररचना विभागाचं पत्र मागा. आणि काठाच्या जमिनीवरची सुनावणी काठावरच घ्या, नकाशा हातात घेऊन, दोन्ही तीरांच्या माणसांना बोलावून.

निघताना मी आबांना विचारलं, असा दगड आला तर तुमच्या शेतात कुठं बसेल? त्यांनी आधी बाभळीकडे पाहिलं, मग मघाशी काठीनं ओढलेल्या रेघेकडे. रेघेच्या वर दोन पावलं चढून थांबले आणि काठी जमिनीत रोवली. "हितं," ते म्हणाले. "दोन पावलं जास्तीची. नातवाला आठवण राहावी म्हणून."