उंच जाण्याहून परतणे मोलाचे

आपल्या कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज शिक्षणासाठी अमेरिकेत आहेत. तिकडे काहींना अग्निबाण उडविण्याचा छंद जडतो. आपल्या दिवाळीतील बाणाशी या बाणाची तुलना होणार नाही. जाड कागदी नळीचा, चार-पाच फूट लांबीचा हा बाण हजारो फूट चढू शकतो. म्हणूनच मोठ्या शक्तीची इंजिने विकत घेण्यापूर्वी तेथे प्रमाणपत्र मिळवावे लागते. १९५७ साली स्थापन झालेली ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ व ‘ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन’ या संस्था ते देतात.

या इंजिनांची वर्गवारी इंग्रजी अक्षरांनी होते. प्रत्येक पुढच्या अक्षराची मर्यादा मागच्याच्या दुप्पट. पहिल्या पायरीला ‘एच’ किंवा ‘आय’ इंजिन, म्हणजे १६० ते ६४० न्यूटन-सेकंद इतका एकूण आवेग. दुसऱ्या पायरीला ‘जे’ ते ‘एल’ आणि जोडीला लेखी परीक्षा. तिसऱ्या पायरीला ‘एम’ व त्यापुढील. उमेदवाराचे वय किमान १८ वर्षे हवे. बाण त्याने स्वतः जोडावयाचा. इंजिन मात्र मान्यताप्राप्त, कारखान्यात तयार झालेलेच वापरावयाचे.

ही परीक्षा उंचीची नव्हे, हे ध्यानात घेतले म्हणजे संचाची निवड सोपी होते. बाण सरळ गेला का, हवाई छत्री उघडली का, आणि परत आलेला बाण पुन्हा उडविण्याजोगा आहे का, एवढेच परीक्षक पाहतात. शेतात हरवलेला बाण कितीही उंच गेला असला, तरी उमेदवार अनुत्तीर्णच.

तरुणांना सडपातळ, चकचकीत संच भुरळ घालतो. तो ढगांत दिसेनासा होतो आणि वाऱ्याबरोबर कोसभर वाहत जातो. पहिल्या उड्डाणाला सुमारे चार इंच व्यासाचा, जाडजूड संच घ्यावा. हवेचा विरोध अधिक असल्याने लहानशा ‘एच’ इंजिनावर तो हजार-दीड हजार फुटांपर्यंतच चढतो व डोळ्यांआड होत नाही. पंख प्लायवुडचे असावेत आणि नळीच्या खाचेतून आत जाऊन इंजिनाच्या नळीलाच चिकटणारे असावेत. म्हणजे जमिनीवर आपटून ते सहसा निखळत नाहीत. इंजिन जागी धरून ठेवणारी कडी पक्की हवी, नाहीतर छत्री बाहेर ढकलणारा स्फोट इंजिनालाच मागे फेकून देतो. बाणाचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्यबिंदूपेक्षा निदान एका व्यासाइतका पुढे असावा, आणि इंजिनाचा रेटा बाणाच्या वजनाच्या पाचपट तरी असावा. इंजिनाची नळी ३८ मिलिमीटरची घेतल्यास तोच बाण पुढे ‘जे’ इंजिनावर दुसऱ्या पायरीलाही उपयोगी पडू शकतो.

या नियमांचा काच वाटण्याचे कारण नाही. छत्री न उघडता दीड-दोन किलोचा बाण हजार फुटांवरून कोसळला, तर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल. तेव्हा परदेशी असलेल्या मुलाने वा नातीने या छंदाविषयी कळविले, तर ‘किती उंच गेला?’ असे विचारण्याआधी ‘नीट परत आला ना?’ असे अवश्य विचारावे. त्यांचे परीक्षकही हाच प्रश्न विचारतात.