भीमगडचे रान आणि रानातला माणूस

वन्य प्राण्यांचे रक्षण व्हावे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र किंतु नाही. बेळगाव मुंबई राज्यात असताना, 1951 सालच्या कायद्याखाली शिकारीचे परवाने मिळत. 1972 च्या केंद्रीय कायद्याने त्या चैनीला लगाम घातला आणि त्यातील 1991 च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आणली, हे योग्यच झाले. बंदूकवाल्या साहेबांनी आणि त्यांचा कित्ता गिरवणाऱ्या एतद्देशीय शौकिनांनी सह्याद्रीची जी नासधूस केली, ती खानापूरच्या कुणब्याने खचित केलेली नाही.

2011 साली याच तालुक्यात सुमारे 190 चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य जाहीर झाले. म्हादईचा उगम याच मुलखातला. गोव्याच्या आणि दांडेलीच्या जंगलांना सांधणारा हा दुवा. तो राखलाच पाहिजे. परंतु तळेवाडी, गवाळी, पास्टोली, आमगाव ही गावे अभयारण्याच्या फलकापूर्वीची आहेत, हे वनखात्याला कोणी सांगावे?

पर्यटकाला अभयारण्यात जाण्याचा परवाना देण्याची सोय कायद्यातच आहे. तो येतो, गवा पाहतो, छायाचित्र काढतो आणि परततो. तोच गवा ज्याचे भात तुडवतो, त्याने मात्र भरपाईसाठी हेलपाटे घालावेत! 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी स्त्रीला गावकऱ्यांनी खांद्यावरून रानवाटेने बाहेर आणले. रस्ता आणि पूल मागावा, तर नियमांवर बोट ठेवले जाते.

2025 मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना स्थलांतराचे धनादेश देण्यात आले. ज्याला स्वखुशीने जावयाचे आहे, त्याची वाट आम्ही अडवणार नाही. पण वाट, पूल आणि दवाखाना नाकारून मिळवलेल्या होकाराला संमती म्हणावे की शरणागती? आणि कोंडलेल्या माणसाकडून प्राण्यांचे तरी रक्षण होते काय? शेजारच्या सत्तरीत, गोळावली येथे जानेवारी 2020 मध्ये चार वाघ मेलेले आढळले. गुरे मारली गेल्याने विष घातल्याच्या आरोपावरून अटका झाल्या. विषाचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु गुरांची भरपाई वेळेवर हातात पडणे हेही वाघाचेच संरक्षण होय.

आता खरी गोम. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार, अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या वनवासीयाला डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. म्हणजे पुरावा 1930 पर्यंत मागे न्यावयाचा! तेव्हा हा तालुका मुंबई इलाख्यात होता. त्या काळचे घरोघरचे कागद मराठीत आहेत, काही मोडीत. ते वाचणार कोण? वृद्धांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात; पण गवाळीच्या म्हाताऱ्याचा जबाब त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिला गेला, तर अंगठा कशावर उमटवला हे त्याला कसे कळावे? अभयारण्यातील हक्कांच्या चौकशीची नोटीस प्रादेशिक भाषेत गावोगाव लावावी, असे तर 1972 चाच कायदा म्हणतो. या रानाची प्रादेशिक भाषा कोणती, हे बंगळुरूने ठरवू नये. तळेवाडीच्या चुलीपाशी येऊन ऐकावे.

आमची मागणी सरळ आहे. दाव्यांची छाननी करताना मराठी व मोडी वाचणारा माणूस हजर असावा आणि नोटिसा व जबाब मराठीत असावेत. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार घटनेच्या 350 व्या कलमाने दिलेला आहे. तेव्हा अर्ज मराठीतच जावेत. रानातल्या गावांतून उठून बेळगाव-खानापुरात स्थायिक झालेल्या वाचकांनी आपल्या घरच्या पेट्या उघडून जुने उतारे, पावत्या, पट्टे वाळवीच्या तोंडून सोडवावेत आणि त्यांच्या नकला आपापल्या ग्रामसभेकडे पोहोचत्या कराव्यात.